जरा बाजूला हो

"बाबा, ह्या डिस्कमध्ये पण आई नाही," ऋता म्हणाली.

अरविंदरावांनी तिच्यापुढे दुसरी डिस्क सरकवली. परवा त्यांच्या बायकोचा, जयूचा तेरावा. पाटावर ठेवायला फोटो हवा होता. आधारकार्डावरचा होता, पण तो बघून जयू स्वतःच म्हणायची, ह्या बाईला कुणी दारात उभं करणार नाही. मोबाइलमध्ये होते ते लग्नकार्यातले. एकात फेट्याआड अर्धा चेहरा, दुसऱ्यात डोळे मिटलेले. फ्रीगंजच्या स्टुडिओतून विष्णूचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. फ्रेम तयार होती, फोटो तेवढा जायचा राहिला होता.

घरात फोटोंचा दुष्काळ होता असं मुळीच नाही. बँकेतून रिटायर झाल्यापासून अरविंदरावांना एकच वेड लागलेलं. दर रविवारी सकाळी नागदा लाइनीकाठी जायचं आणि तिथे चरायला येणारी पाखरं-जनावरं अन् मागून जाणारी मालगाडी, दोन्ही एका फोटोत पकडायचं. दाणे टिपणारे मोर, मागे कोळशाची रेक ओढत चाललेली दोन इंजिनं. तोंडात गवत धरलेली नीलगाय, मागे तेलाच्या टाक्या. एक फोटो तर एका कॅलेंडरवर छापून आला. मोराने वळवलेल्या त्या मानेचं सगळ्यांनी फार कौतुक केलं. कॉलनीत पेढे वाटले गेले, तेही जयूनेच वाटले.

जयू दर रविवारी बरोबर असायची. स्कूटरवर मागे, मांडीवर चहाचा थर्मास आणि ज्वारीची पिशवी. "बिचाऱ्यांना खडीत काय मिळणार?" म्हणायची आणि रुळांपासून लांब, शेताच्या बांधावर मूठमूठ टाकायची. अरविंदराव डाफरायचे. जंगली जनावरांना असं घालायचं नसतं, फोटो नैसर्गिक यायला पाहिजे. ती हो म्हणायची आणि हात पिशवीतच ठेवायची. गाडी आली की तो हात बाहेर काढून हलवायची.

"लहान पोरीसारखं काय ते!"

"अहो, दिवसदिवस घराबाहेर असतात ते ड्रायव्हर. कुणी आपल्याकडे बघितलं की बरं वाटतं माणसाला."

मग अरविंदराव कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "जरा बाजूला हो गं, फ्रेममध्ये येतेस." ती डावीकडे जाऊन बाभळीखाली उभी राहायची. तरी कधीमधी वाऱ्याने तिची भैरवगढी छापाची लाल ओढणी कोपऱ्यात उडून यायचीच. मग प्रिंट काढताना विष्णूला सांगावं लागायचं, तेवढं काट.

शेवटच्या रविवारी तिथून निघताना ती म्हणाली होती, "अहो, आज माझा एक काढा ना."

"फोटोची लाइट गेली गं आता. पुढच्या इतवारी पक्कं."

गुरुवारी ती चहा गाळता गाळता ओट्याशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या रविवारी उजेड गेला नव्हता, चांगलं लख्ख ऊन होतं. कॅमेरा बॅगेत ठेवून झाला होता, एवढंच. ही गोष्ट अरविंदरावांनी ऋताला सांगितली नव्हती. सांगायची हिंमत नव्हती.

"बाबा, हा बघा."

स्क्रीनवर एक जुना, न कापलेला फोटो होता. मोर, मागे मालगाडी आणि डाव्या कडेला बोटभर लाल रंग. ऋताने तो मोठा केला. नुसता धूसर कपडा. चेहरा नाही, हातसुद्धा नाही. तिने सुस्कारा टाकला आणि फोटो पुन्हा लहान केला.

"पण हा मोर तिकडे काय बघतोय?"

अरविंदरावांनी चष्मा लावला. मोराची मान डावीकडे वळलेली होती. मागे इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हर कमरेपर्यंत बाहेर वाकला होता, हात उंच करून हसत होता. लाइनीवरचे सगळे ड्रायव्हर मला ओळखतात, असं ते कॉलनीत मोठ्या ऐटीत सांगायचे. ह्या ड्रायव्हरची नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पुढचा फोटो उघडला. बगळ्यांचा थवा, सगळ्या चोची डावीकडे. त्याच्या पुढचा. नीलगाय गवत चावता चावता डावीकडे बघत होती. मग कॅलेंडरवरचा. त्यातला मोर, त्याची ती नावाजलेली मान आणि मागे खिडकीत हात हलवणारे दोघे ड्रायव्हर.

"सगळे आईकडे बघताहेत," ऋता म्हणाली.

इतकी वर्षं मोरांनी तिला बघितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी बघितलं. डोळ्याला एवढी महागाची काच लावून उभ्या असलेल्या माणसाने तेवढं बघितलं नाही. अरविंदरावांनी चष्मा काढून ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.

संध्याकाळी त्यांनी तो न कापलेला फोटो विष्णूला पाठवून दिला. थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"साहब, मोरवाला भेजा है आपने. मैडम का नहीं मिला क्या? कोई बात नहीं, यही लगा देता हूँ. बस, कोने में वो लाल-लाल आ रहा है. हमेशा की तरह काट दूँ?"

"मत काटना, विष्णू," अरविंदराव म्हणाले. "वही मैडम है."