साइन तीस

दहापैकी दहा.

ऑफिसातल्या खुर्चीतूनच नीरजाने मोबाइलवर आबांचे गुण पाहिले आणि वडिलांना फोन लावला. "बाबा, आता तरी त्यांची किल्ली द्या."

"संध्याकाळीच देतो," श्यामसुंदर म्हणाला.

आबा म्हणजे तिचे आजोबा, गणिताचे निवृत्त शिक्षक. रोज दुपारी कर्वेनगरहून बसने नारायण पेठेत जायचे, मेहबूबभाईंच्या घड्याळांच्या दुकानात बुद्धिबळाचा डाव मांडायचे. महिन्यापूर्वी परत येताना भलत्याच स्टॉपवर उतरले आणि घर सापडेना. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला रोज व्यायाम हवा. श्यामसुंदरने त्याच दिवशी त्यांच्याकडून दाराची किल्ली काढून घेतली. दिवसभर घरात दुसरं कुणी नसतं. किल्लीशिवाय बाहेर पडलं की परत आत यायची सोय नाही. बस सुटली, पेठ सुटली, डावही सुटला.

व्यायाम म्हणून नीरजाने आबांच्या टॅब्लेटवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आबांनी जन्मभर शिकवलेली त्रिकोणमितीच त्यात घातली. रोज तेच दहा प्रश्न: साइन, कोसाइन, कोन अंशांत. उत्तर चुकलं की टॅब्लेट बरोबर उत्तर दाखवायचा. नीरजाला फक्त गुण कळायचे. पहिल्या दिवशी दहापैकी एक मिळाला.

"ते यंत्र चुकतंय," आबा जेवताना म्हणाले होते.

"बरं, आबा," श्यामसुंदर म्हणाला, तेही इतक्या मायेने की आबा पुन्हा त्यावर बोलले नाहीत. चूक कबूल न करणं हेही दुखण्याचंच लक्षण, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. इंजिनिअर झालेल्या नीरजालाही यंत्रावर शंका घ्यावीशी वाटली नाही. आजोबांवर मात्र लगेच घेतली.

पुढे गुण वाढत गेले, आणि आज पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी शनिवार. थोडे अवघड प्रश्न घालावेत म्हणून नीरजाने प्रोग्रॅम उघडला आणि एका ओळीवर थबकली. कॉम्प्युटरचं साइन कोन अंशांत मोजत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात मोजतं. अंशांचे रेडियन करायचे तिच्याकडून राहूनच गेले होते. तिने तीस घालून पाहिलं. उणे पॉइंट नऊ आठ आठ. शाळेतलं पोरही हसेल असं उत्तर.

म्हणजे पहिल्या दिवशी आबांचंच बरोबर होतं. मग काल दहापैकी दहा कसे? आता मात्र ते खरंच सगळं विसरले?

ती बाहेर धावली. आबा चपला घालून दारात उभे होते, किल्ली जानव्याला बांधत होते.

"आबा, साइन तीस किती?"

"उणे पॉइंट नऊ आठ आठ."

"तसं नाही हो. वर्गात मुलांना काय सांगायचात?"

आबांनी आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. श्यामसुंदर पेपर वाचत होता. मग ते तिच्याजवळ वाकले.

"एक छेद दोन," ते हळूच म्हणाले. "पण तुझी सगळी चुकीची उत्तरं पाठ केली, तेव्हा कुठे किल्ली मिळाली."