थोरलीची मच्छरदाणी

केनियातल्या किसुमू शहरातून हिवतापावर संशोधन करणारे डॉक्टर आले आणि सरोवराकाठच्या गावात कुठल्या घराला मच्छरदाणी द्यायची याच्या चिठ्ठ्या निघाल्या. आपोंदी म्हातारीच्या लेकाच्या दोन बायका. थोरलीच्या घराला औषध लावलेली नवी मच्छरदाणी मिळाली, शेजारीच राहणाऱ्या तिच्या सवतीच्या घराला काहीच नाही. त्याच घरातली तान्ही पोर आदल्या साली तापानं गेली होती.

वर्षभरानं त्यांच्यातलाच डॉक्टर ओगुतू पोरांचं रक्त तपासायला आला. दोन्ही घरांतली पोरं ठणठणीत निघाली, आणि तो भडकलाच.

"आजी, धाकटीची पोरंही मच्छरदाणीत झोपायची का?"

"झोपणारच! दोघींचीही पोरं माझ्याच झोपडीत निजतात, मच्छरदाणीही तिथंच आणून बांधली. तू लहानपणी कुठं निजायचास रे? आजीपाशीच ना?"

"ते सोडा हो! मच्छरदाणी एकाच घरच्या पोरांना द्यायची होती. दुसऱ्या घरात ताप आला असता, तरच फरक कळला असता. सगळ्या कामाची माती केलीत तुम्ही!"

म्हातारीचं डोकंच सणकलं. तिनं हाका मारमारून सगळी नातवंडं गोळा केली आणि त्याच्यापुढं ओळीनं उभी केली.

 

"आज यांतल्या कुणाला मच्छरदाणीबाहेर निजवू? तूच बोट दाखव."