दोन पडद्यांवरची भागीरथा

जयंतीला अकोल्याच्या मैदानात बायकांसाठी एक आणि पुरुषांसाठी एक, असे दोन पडदे लावले होते. देवमनच्या वारलेल्या बायकोची, भागीरथाची, गातानाची मुकी फिल्म दोन्हींवर एकदमच चालणार होती. देवमन पेटी वाजवत तिच्या ओठांशी जुळवून गाणार होता. तिच्यासोबतचं हे शेवटचं गाणं.

"दोन्ही मशिनी बरोबर चालून राहिल्या, दादा. गा तुमी," ऑपरेटर किसनराव म्हणाला.

दुसऱ्या कडव्याला देवमनची बोटं पेटीवरून उठली. तो थांबला.

डाव्या पडद्यावर भागीरथा गातच राहिली. उजव्या पडद्यावर तिनं ओठ मिटले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"किसनराव, उजवीकडची मशीन काहून थांबवली?"

"चालू आहे जी. रीळ संपत आलं, गा ना!"

डावा पडदा पांढरा झाला. उजवीकडे भागीरथानं पदर सावरला आणि कडवं पुन्हा घ्यायची त्याला खूण केली.