वर्धापनदिनाची पहिली लेक

"आजी, बाळाला घेऊन तुम्ही स्टेजवर यायचं," डॉक्टर नीरजा म्हणाल्या. "आज जन्मलेली ही पहिली मुलगी. केक तिच्याच हातानं कापू."

सिंधूताईंनी दुपट्यातल्या नातीकडे पाहिलं. पहाटे जन्मलेली पोर, ती काय केक कापणार? पण डॉक्टरीणबाई स्वतः बोलवायला आल्या होत्या, म्हणून त्या उठल्या.

"अन् माह्यी सून?"

"महामाया थकली आहे. तिला झोपू द्या जरा."

"माहा पोरगा, प्रेमानंदबी दिसून नाई राह्यला."

"त्यांना औषधं आणायला पाठवलंय," दारात उभ्या असलेल्या शारदा सिस्टर म्हणाल्या.

महिला रुग्णालयाच्या आवारात मांडव घातला होता. रुग्णालयाला पंचवीस वर्षं झाली होती. गावोगावच्या आशाताई आल्या होत्या, शाळेच्या मुली ओळीनं बसल्या होत्या. पाहुण्यांच्या रांगेत डॉक्टर नीरजांच्या शेजारची खुर्ची सिंधूताईंना मिळाली. डोणगावच्या बौद्धवाड्यातून आलेल्या सिंधूताई आयुष्यात पहिल्यांदाच स्टेजवर बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला.

डॉक्टर बोलायला उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत व्हायचं, अंगात रक्त नसलेल्या पोरी तशाच शेतात राबायच्या, हे त्यांनी सांगितलं. आता प्रत्येक गरोदर बाईचं रक्त तपासलं जातं, आशाताई घरी जाऊन गोळ्या देतात, रात्री-अपरात्री गाडी दारात येते. समोरच्या बायका माना डोलावत होत्या.

मध्येच शारदा सिस्टर मागून आल्या आणि डॉक्टरांच्या कानाशी लागल्या. डॉक्टरांनी मान हलवली. घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा माइककडे वळल्या.

"मला कशाचा अभिमान असेल, तर एकाच गोष्टीचा. इतक्या वर्षांत आपल्या या रुग्णालयात एकही आई दगावलेली नाही."

टाळ्या बराच वेळ चालल्या. मग डॉक्टरांनी सिंधूताईंना बोलायला सांगितलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग नातीला छातीशी धरून माइकजवळ गेल्या.

"जयभीम," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग सावकाश बोलू लागल्या.

"माह्यी जाऊ बाळंतपणात गेली. घरातच. पोरगंबी गेलं. तवा कोनाले त्याचं काई वाटलं नाई. बायका जातच राह्यतात, असं म्हणत. सुनेची माय तिले जळगाव जामोदले बोलावत होती, पयलं बाळंतपण माहेरी करतो म्हणे. म्या नाई धाडलं. म्या म्हटलं, या दवाखान्यात बाई दगावत नाई, इथंच नेईन. सून मले सुनेवानी नाई, लेकीवानी हाये. आज डॉक्टरीणबाईनं तिले बी सांभाळलं अन् माह्या नातीले बी. आता मले कायचं भ्याव नाई."

पहिल्या रांगेतल्या एका आशाताईनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टर नीरजांनी पुढे येऊन सिंधूताईंचे दोन्ही हात धरले. बाळाच्या चिमुकल्या बोटांना सुरी टेकवून केक कापला गेला. फोटो निघाले.

"कार्यक्रम संपेपर्यंत इथंच बसा हं आजी," डॉक्टर म्हणाल्या.

प्रमुख पाहुणे बोलू लागले. त्यांचं भाषण लांबत गेलं तशी पोर कुरकुरायला लागली, मग रडायला लागली. सिंधूताईंनी बोट तिच्या ओठाला लावलं. ती बोटच चोखू लागली. भूक लागली होती. पोरीला आईजवळ द्यायला हवं होतं. डॉक्टर पाहुण्यांकडे बघत होत्या. सिंधूताई मागच्या पायरीनं हळूच उतरल्या.

वॉर्डात महामायाची खाट रिकामी होती. त्यावर धुतलेली चादर घातली होती, आणि खाटेखालची फरशी अजून ओली होती.

मागचं दार उघडं होतं. बाहेर अॅम्ब्युलन्स उभी होती आणि ड्रायव्हर स्ट्रेचर आत सरकवत होता. स्ट्रेचरवर महामाया होती. गळ्यापर्यंत पांघरूण, केस नीट विंचरलेले. सिंधूताईंच्या जिवात जीव आला.

"कुठं नेता तिले?"

शारदा सिस्टर दचकल्या. "संभाजीनगरला. रक्त फार गेलंय. तुमच्या मुलाला पुढं पाठवलंय, तिकडं रक्ताची सोय करायला."

"मले काऊन नाई सांगितलं?"

सिस्टरनी ड्रायव्हरला पुढं बसायची खूण केली.

"बरं, न्या. पण पोरगी भुकेली हाये. एकडाव पाजू द्या."

"आत्ता नको, ताई. उशीर होतोय."

पण सिंधूताई एका हातानं दांडा धरून आत चढल्याही होत्या. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, पोरीला महामायाच्या कुशीत ठेवलं आणि सुनेचा हात उचलून पोरीच्या पाठीवर घातला. हात घसरून खाली पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला. तो गार होता. त्यांनी महामायाच्या नाकाखाली तळवा धरला आणि तसाच धरून ठेवला.

पोर रडत होती. मांडवातून टाळ्यांचा आवाज आला.

"बाई," सिंधूताई म्हणाल्या. "बाई, ही तं गेली. माह्यी सून मेली इथं."

शारदा सिस्टर आत चढल्या. त्यांनी दार ओढून घेतलं आणि सिंधूताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोला, ताई," त्या म्हणाल्या. "ती इथं गेलेली नाही. ती जालन्याच्या पुढं, वाटेत जाणार आहे."