पोचा

"हे पोचा आलेलं ताट मी हॉस्टेलवर नेणार नाही!" मी बॅगेतून ताट काढून पलंगावर फेकलं. "मुली हसतील मला. घरातली नवी ताटं काय पूजेला ठेवलीयत?"

आई ते पुन्हा बॅगेत ठेवायला लागली. मी हिसकावून घेतलं, तेव्हा काठावर कोरलेलं नाव दिसलं. कु. पुष्पलता गावंडे, १९९५. आईचं माहेरचं नाव.

"कॉलेजात नंबर लागला होता माझा. हॉस्टेलला न्यायला ताट घेतलं, नाव घातलं," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "आठवड्यात तुझ्या आजोबांनी लग्न ठरवलं."

"आणि तू गप्प बसलीस?" मी ओरडले.

आईने पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं.

"गप्प बसले असते, तर हा पोचा आला असता का?"