हरकत

"कुणाची काही हरकत?" टीमच्या प्रमुखांनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरा मोठीकडे वळल्या. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची योजना होती.

सकाळपासून मोठीच्या अंगाचा तिळपापड होत होता. हिला या कंपनीत तिनेच चिकटवलं होतं. कंटेनर म्हणजे काय, क्लस्टर म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातले डबे मांडून तिनेच शिकवलं होतं. आणि आता शहरभरच्या अ‍ॅम्ब्युलन्स ज्या यंत्रणेच्या जिवावर धावत होत्या, तिच्यावर देखरेख कशी ठेवायची हे ही ठरवणार!

सर्व्हर आजारी पडला की लगेच ओरडणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा होता. त्याला सगळे एजंट म्हणत. मोठीची पद्धत जुनी. प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेजारी त्याचा स्वतंत्र एजंट. पहारा चोख, पण पहारेकरीच इतके की यंत्रणेला धाप लागायची. धाकटीची पद्धत निराळी. एका सर्व्हरवर एकच एजंट, आणि नवा सर्व्हर सुरू झाला की क्लस्टर, म्हणजे सगळे सर्व्हर मिळून सांभाळणारी व्यवस्था, आपणहून तिथे एजंट धाडणार. कॅन्टीनमध्ये जो तो तिचंच कौतुक करत होता. मोठी चहा अर्धाच टाकून उठली होती.

योजना आदल्या दिवशी तिच्याकडे वाचायला आली होती. तिने ओळ न् ओळ वाचली आणि तिला हवं ते सापडलं. काही सर्व्हर राखीव होते. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने तिथे येऊ नये, अशी खूण त्यांच्यावर होती. धाकटीचा एजंटही ती खूण पाहून माघारी फिरणार होता. आणि राखीव होते ते नेमके लोकांचे फोन घेणारे सर्व्हर. ते बंद पडले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

दुरुस्ती एवढीशी होती. पण ती सांगितली की धाकटीची योजना बिनचूक होणार. नाही सांगितली, तर कधी ना कधी घोटाळा होणार आणि सगळे धावत मोठीकडेच येणार. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन लावत बसलेल्या माणसाचा विचार तिने मनात येऊच दिला नाही.

"माझी काही हरकत नाही," ती म्हणाली.

"छान. मग आज दुपारीच बसवून टाकू," प्रमुख म्हणाले.

"थांबा, आज नको," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "यात काहीतरी मोठं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"ते मला माहीत नाही. ताईला माहीत आहे."

मोठीचे कान तापले. "अगं, हरकत नाही म्हटलं ना मी?"

"म्हणूनच तर! माझं बरोबर असतं तर एव्हाना दहा खुसपटं काढली असतीस."

दोघं-तिघं हसले. धाकटी हसली नाही. ती नुसती मोठीकडे बघत राहिली.

मोठी उठली. तिने राखीव सर्व्हरांवर बोट ठेवलं, काय बदलायचं ते सांगितलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाली, "आता ठीक आहे. हिचीच पद्धत घ्या."

बाहेर लिफ्टपाशी दोघीच उभ्या होत्या.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मोठीने विचारलं.

"चूक? आत्ताच कळली की."

"चूक नाही गं. मी तुझ्यावर जळते ते."

"शाळेत होते तेव्हापासून. म्हणून तर सगळं आधी तुझ्याकडे पाठवते. बाकीचे वाचून माना डोलावतात. मी चुकावं म्हणून वाचणारी तू एकटीच."

लिफ्ट आली. दार उघडलं, तरी धाकटी जागची हलली नाही.

"पण आज तू गप्प बसलीस, ताई. आज पहिल्यांदा मला तुझी भीती वाटली."