चारही नवे टायर

“पुढचे दोन बदला. मागचे अजून वर्षभर सहज जातील,” दुकानदार म्हणाला.

“नको, चारही बदला,” नवरा म्हणाला. “नवे फक्त पुढे घातले, तर ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.”

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिले. तिनेही पाहिले. चपला घेतानासुद्धा ‘तूच सांग कुठल्या’ म्हणणारा हा माणूस. एखाद्या गोष्टीचे त्याला इतके पडलेले तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले.

“एवढं कधी शिकलास रे?”

“वाचलं थोडं. विचारलं इकडेतिकडे.”

गाडी छोटी होती. इंजिनाचा सगळा जोर पुढच्या चाकांवर. ती टेकडीवरच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. मागच्या थंडीत हॉस्पिटलच्या फाटकाखालच्या शेवटच्या चढावर पुढची चाके जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागे घसरत जाऊन कठड्याला टेकली. तिला खरचटलेही नाही, पण त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हापासून तोच तिला सकाळी वर सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. एक दिवस चुकला नाही. वाटेत मात्र दोघांच्या तोंडून शब्द फुटत नसे. आरशातून मागचा रस्ता बघावा तितक्याच आस्थेने तो तिच्याकडे बघायचा.

त्या गप्प बसण्याचाच तिला वीट आला होता. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून बोलावले होते. राहायला जागाही देणार होते. नवऱ्याला तिने यातले काहीच सांगितले नव्हते. बॅग भरून झाली की एकदमच सांगायचे, असे ठरवले होते. आज दुपारपर्यंत फोन करून होकार द्यायचा होता.

दुकानदाराने एक टायर घरंगळवत पुढे आणला. “हा घ्या. म्हातारे व्हाल, पण हा झिजायचा नाही.”

नवऱ्याने रबरात अंगठा दाबून पाहिला. “कडक आहे. थंडीत याचा दगड होईल.”

“मऊ घेतलात तर लवकर संपेल, साहेब.”

“संपू दे. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात. तिथं रस्ता धरून ठेवणारा टायर हवा.”

“पण गाडी तुम्हीच चढवता ना? हात बसलाय तुमचा.”

“यापुढे हिला चालवायचीय. एकटीला.”

दुकानदार हसला. “वहिनी, हे माझ्या बायकोच्या कानावर जाऊ देऊ नका हं. तिच्या गाडीला मी गिऱ्हाइकांचे उतरवलेले टायर घातलेत.”

तीही हसली. त्या दुकानात, रबराच्या वासात, कित्येक महिन्यांनी तिला खरे हसू आले.

नवऱ्याचा फोन वाजला. “ऑफिसचा आहे,” म्हणत तो बाहेर गेला आणि परत आला तो ठरवूनच. “तो कोपऱ्यातला द्या. खोल खाचांचा. आणि गॅरंटी हिच्या नावावर करा, फोन नंबरही हिचाच घाला.”

चाके बसल्यावर त्याने तिला शेजारी उकिडवे बसवले आणि हवा कशी तपासायची ते दाखवले. “दर पंधरवड्याला बघत जा. लांब निघायच्या आधी तर नक्कीच.”

“मला कशाला शिकवतोस? तू आहेस की.”

त्याने व्हॉल्व्हचे टोपण हलक्या हाताने फिरवून बसवले. “तुला यायला हवं.”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. अलीकडे तो बारीक झाला होता. रविवारीसुद्धा कुठे कुठे जायचा. विचारले तर ‘काम होतं’ एवढेच सांगायचा. आता ही सगळी निरवानिरव. डॉक्टरांनी याला काही सांगितले तर नाही? आणि हे सारे मनात ठेवून हा माणूस आपल्यासाठी रबर दाबून बघतोय, आणि आपण बॅग भरायला निघालोय.

ती दुकानामागे गेली आणि त्या हॉस्पिटलला फोन लावला.

“मला नाही जमणार यायला.”

“विचार करा, बाई. जागा आजच भरायचीय. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या बाईंना बोलावतो.”

“बोलावा,” ती म्हणाली. फोन पर्समध्ये टाकताना तिला एकदम मोकळे वाटले.

वर जाताना त्याने तिलाच चालवायला बसवले. धुके होते, झाडांवरून थेंब गळून रस्ता काळाभोर ओला झाला होता. शेवटच्या चढावर तिचा पाय आपोआप ढिला पडू लागला.

“थांबू नकोस. हलकेच दाबत राहा,” तो म्हणाला.

टायरने रस्ता धरला. गाडी जरासुद्धा न कचरता चढली. फाटकापाशी थांबून ती लहान पोरीसारखी हसली. त्यानेही सुटल्यासारखा श्वास सोडला.

“जमलं तुला.”

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “तुला बरं नाहीये का? खरं सांग. काहीही असलं तरी मी तुला सोडून कुठे जात नाही.”

त्याने हात अलगद काढून घेतला.

“मी ठणठणीत आहे. मीच जातोय.”

“कुठे?”

“ऑफिसातली एक आहे. तिच्याकडे राहायला. वर्ष होईल आमचं आता.” तो समोरच्या काचेकडे बघत होता. “मागेच निघणार होतो. पण तीच म्हणाली, बायको चढाला घाबरते ना, मग आधी तिला चांगले टायर घालून दे.”

इंजिन चालूच होते.

“मला त्यातलं काय कळतंय?” तो म्हणाला. “टायर तिनंच निवडले.”